पंधराव्या वेळचं दूध

होणाऱ्या पोराला मी स्वतः अंगावर पाजीन आणि मश्हदला दर्शनाला आणीन, असा नवस गौहरताज खानम इमाम रझांना बोलली, तेव्हा घरातल्या बायकांनी अंगभर ओढलेल्या चादरीआड हसून घेतलं. तेहरानच्या बड्या घरांत पोर जन्माला घालायचं खानमने आणि पाजायचं पगारी दूधआईने, अशी रीत. ती रीत पाळता पाळता गौहरताजने तीन पोरं मातीत ठेवली होती. एकाला दूधआईच्या घरचा गोवर लागला, दुसऱ्याला त्याची दूधआई अफू चाटवून झोपवायची, आणि तिसरं कशाने गेलं ते कुणी धड सांगितलंच नाही. जगली ती एकटी तूबा. तिचं लग्न झालं, ती सासरी गेली, आणि सगळं संपलं असं वाटत असताना छत्तिसाव्या वर्षी गौहरताजला पुन्हा दिवस गेले.

"लेकीचा आणि आईचा पाळणा एकदमच हलणार म्हणायचा," नणंद म्हणाली. "सुईण एकच बोलवा, तेवढीच दगदग कमी."

गौहरताजने ऐकून घेतलं. ऐकून घ्यायची तिला सवय होती. अफाक झाली, तिने तिला पाजली, आणि पोर बघता बघता बाळसं धरून सात महिन्यांची झाली. मधल्या काळात तूबाही पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगा झाला. त्याचं नाव इस्कंदर.

तूबाचा नवरा फरामर्झ मिर्झा मश्हदला सरकारी कामावर होता. त्याने लेकाला अजून पाहिलं नव्हतं. दर आठवड्याला त्याचं पत्र यायचं, आणि पत्र म्हणजे काय, सगळा चावटपणा. "पोराचं नाक तुझं आहे की माझं, ते आधी कळव. माझं असेल तर त्याला तेहरानलाच ठेव, इथे आधीच एक पुरे आहे." तूबा ती पत्रं उशीखाली घेऊन झोपायची. बड्या घरांतली लग्नं बाप आणि काका जुळवतात. नवरा-बायकोचं जमलं तर तो योगायोग. या दोघांचं मात्र असं जमलं होतं की बघणाऱ्याला हेवा वाटावा. फरामर्झच्या आईने दोनदा दुसरी बायको सुचवली आणि त्याने दोनदा कानावर हात ठेवले.

तेव्हा ठरलं असं, की बाळ दोन महिन्यांचं झालं की गौहरताजने लेकीला मश्हदला पोचवायचं, तिथेच इमामांच्या दर्ग्यात नवस फेडायचा आणि परतायचं. महिनाभराची वाट. तांडा मोठा होता, यात्रेकरू, व्यापारी, बरोबर सरकारी स्वार. गौहरताज आणि तूबा खेचरांच्या मेण्यात, दोघींच्या मांडीवर एकेक बाळ. तूबाच्या दुधाला जोड म्हणून ठेवलेली इस्कंदरची दूधआई खातून आणि घरातल्या मुलींना शिकवणारी म्हातारी मुल्लाबाजी मागच्या खेचरावर, दोन कुशींना टांगलेल्या लाकडी पाळण्यांत. खातून धिप्पाड आणि मुल्लाबाजी काटकुळी, म्हणून तोल साधायला मुल्लाबाजीच्या पाळण्यात रोज दोन दगड ठेवावे लागत.

"सगळं आयुष्य कुराण शिकवण्यात गेलं," मुल्लाबाजी कुरकुरायची, "आणि शेवटी माझी किंमत काय, तर दोन दगड कमी."

तूबाला अक्षर ओळखायला याच म्हातारीने शिकवलं होतं. जिभेने तिखट, पण शास्त्र असं पाठ की भलेभले मुल्ला तिच्याशी वाद घालायला धजत नसत.

शाहरूद सोडून चार दिवस झाले आणि खातूनला पटकी झाली. सकाळी उलट्या सुरू झाल्या आणि दुपारच्या अजानाआधी बाई खलास. तिला पुरताहेत तोच तूबाच्या पोटात मुरडा आला. तांड्याच्या म्होरक्याने लांबूनच पाहिलं, हात जोडल्यासारखे केले आणि स्वारांसकट सगळा तांडा पुढे काढला. त्याला दोष तरी काय द्यायचा? पटकीपुढे सख्खा भाऊ उभा राहत नाही. मागे राहिल्या एका पडक्या सराईत तीन बायका, दोन बाळं, दोन मोलकरणी आणि खेचरवाला मश्दी सफर.

तूबा दोन दिवसांत चिपाडासारखी झाली. जीव राहिला, पण अंगातलं पाणी गेलं तसं दूधही गेलं. थेंब नाही. ती ग्लानीत पडलेली आणि इस्कंदर भुकेने किंचाळतोय. मश्दी सफरने कुठून तरी शेळीचं दूध आणलं. पोराने ते ओकून टाकलं, आणि जे ओकलं नाही ते खालून पाण्यासारखं गेलं. तासाभरात त्याची टाळू खोल गेली.

गौहरताजने अफाकला मोलकरणीकडे दिलं आणि इस्कंदरला उचलून घेतलं. तिची छाती भरलेली होती. पोर समोर उपाशी मरतंय आणि आपल्या अंगावर दूध वाहतंय, अशा वेळी बाई विचार करत बसत नाही.

"थांबा," मुल्लाबाजी म्हणाली. "खानम, थांबा जरा. हा तुमच्या लेकीचा मुलगा आहे."

"तो मला माहीत नाही का?"

"मग पुढचंही माहीत असेल. नातवाला आजीने पाजलं, तर तो तिचा दूधमुलगा होतो. आणि दूधमुलाच्या बापाला त्या बाईची लेक बायको म्हणून चालत नाही. निकाह तिथेच तुटतो, कायमचा. पुन्हा लावताही येत नाही."

गौहरताजने हे लहानपणी ऐकलं होतं. सगळ्याच बायकांनी ऐकलेलं असतं, विहिरीत वाकू नये म्हणतात तसं. पण कुणाच्या घरात ते घडलेलं तिने पाहिलं नव्हतं.

"एका घोटाने?" तिने विचारलं.

"एका घोटाने नाही. पंधरा वेळा, पोटभर, ओळीने. मध्ये दुसऱ्या बाईचं दूध पडलं तर मोजणी मोडते. एका अख्ख्या दिवस-रात्रीचाही नियम आहे, पण मध्ये मध्ये साखरपाणी देत गेलं की तो लागत नाही. पंधराचा मात्र लागतो."

"म्हणजे चौदापर्यंत भीती नाही."

"चौदापर्यंत नाही."

"मग तुम्ही मोजा," गौहरताज म्हणाली, आणि पोराला छातीशी लावलं.

मुल्लाबाजीने जपमाळ काढली आणि एक मणी सरकवला.

चौदा म्हणजे पुष्कळ, असं त्या वेळी वाटलं. तेवढ्यात कुणीतरी बाई मिळेलच की. मश्दी सफर पहिल्या दिवशी जवळच्या गावाला गेला. गावकऱ्यांनी वेस लावून घेतली होती. दुसऱ्या दिवशी गौहरताज स्वतः गेली, चादर गुंडाळून, खेचरावर बसून. मातीच्या तटावर एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती.

"बहिणी," गौहरताजने खालून हाक दिली, "एकदाच पाज. एकदाच. पोर आजारी नाही, त्याची आई आजारी आहे."

"सगळे असंच म्हणतात," वरून उत्तर आलं.

गौहरताजने हातातली पाचूची अंगठी काढून वर धरली. अशी अंगठी त्या बाईने जन्मात पाहिली नसेल.

"ती घालून मी काय करू?" बाई म्हणाली. "माझ्या अंगावर दोन आहेत. उद्या मी गेले तर त्यांना काय तुझी अंगठी पाजेल?"

खानमच्या तोंडावर असं बोललेलं खानमने आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि त्याहून वाईट म्हणजे बाईचं चुकलं कुठे तेही तिला सापडेना. ती परतली. येता येता तिला नवऱ्याची आठवण झाली, वाड्यातल्या चाळीस नोकरांची झाली. मनात आलं, तेहरानला चुटकी वाजवली असती तर दहा दूधआया अंगणात उभ्या राहिल्या असत्या. इथे एक मिळेना.

सराईत पोचेपर्यंत इस्कंदर पुन्हा रडत होता. नऊ झालं. दहा झालं. मश्दी सफर डोंगरात कुर्द धनगरांचे तंबू शोधायला गेला तो परत आला नाही. अकरा, बारा. पोराचे गाल पुन्हा भरू लागले, त्याने आजीचं बोट घट्ट धरून ठेवलं, आणि गौहरताजला त्या सगळ्या घोरातही एक सुख झालं, त्याची तिला लाज वाटली. तेरा. तिसऱ्या दिवशी पहाटे चौदावं झालं.

मुल्लाबाजीने चौदावा मणी सरकवला आणि माळ मुठीत घट्ट धरली. "आता नाही," ती म्हणाली.

आता नाही म्हणजे काय, हे पोराला कसं कळावं? सूर्य वर आला तशी त्याला भूक लागली. साखरपाणी दिलं, त्याने चाटलं आणि रडला. खडीसाखर फडक्यात बांधून दिली, ती त्याने थुंकली. पुन्हा शेळीचं दूध दिलं, पुन्हा पोट सुटलं. आधी तो ओरडून रडत होता, मग कण्हल्यासारखा, मग मांजराच्या पिल्लासारखा. गौहरताज सराईच्या दारात उभी राहून डोंगराकडे बघत होती. तिच्या सदऱ्यावर दूध पाझरत होतं.

दुपार होत आली तेव्हा रडणं थांबलं. ती धावत आत गेली. इस्कंदरचे डोळे अर्धे मिटलेले, ओठ सुकलेले, हात उचलून सोडला की तसाच पडत होता. तिने तीन पोरं गमावली होती. हे रूप तिला ओळखीचं होतं.

"अर्धं पाजा," मुल्लाबाजी घाईने म्हणाली. "खानम, ऐका. यावर वाद आहे म्हणून इतका वेळ बोलले नाही, पण पोटभर झालं तरच मोजायचं म्हणतात. चार घोट द्या आणि ओढून घ्या. रडेल, रडू द्या. पण त्याला स्वतः सोडू देऊ नका."

"हो," गौहरताज म्हणाली. "चार घोट."

तिने त्याच्या ओठांवर दूध पिळलं. आधी ते गालावरून ओघळून गेलं. मग जीभ हलली. मग त्याने धरलं, इतकं हलकं धरलं की तिला कळतही नव्हतं. एक घोट. दोन. चार. मुल्लाबाजी म्हणाली, "बस." गौहरताजने त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात बोट घातलं, आणि पोराने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं.

त्या बोटाने पुढे काही केलं नाही. कोणी म्हणेल, एवढंसं ते ओढून घ्यायला काय झालं होतं? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मेल्यातून परत येणाऱ्या पोराच्या तोंडातून ज्या बाईने दूध काढून घेतलं असेल तिने पुढे येऊन बोलावं.

"खानम," मुल्लाबाजी म्हणाली. "खानम, पुरे." मग तिचा आवाज चिरकला. "गौहरताज!"

इस्कंदर पीत राहिला. पोट तट्ट फुगलं, कपाळावर घाम आला. शेवटी त्याने स्वतःच तोंड सोडलं, ढेकर दिला आणि तो झोपला.

त्यानंतर तासाभराने मश्दी सफर आला. त्याच्या मागे गाढवावर बसून एक कुर्द बाई, गोल तोंडाची, हसरी, अंगावर महिन्याभराचं पोर. "कुठंय भुकेला?" तिने दारातूनच विचारलं. "दे इकडे, माझ्याकडे दोघांना पुरून उरेल."

एक तास. गौहरताज भिंतीला टेकून खाली बसली.

मुल्लाबाजी तिच्याजवळ आली.  ती हळूच म्हणाली, "मी म्हातारी आहे. मला दुपारी डुलकी लागते. मी मोजले ते चौदा."

गौहरताजने तिच्याकडे पाहिलं.

"चौदा," मुल्लाबाजी पुन्हा म्हणाली. "वर जाब द्यायचा तो मी देईन. या वयात आणखी एकाने काय फरक पडतो?"

चौथ्या दिवशी तूबा शुद्धीवर आली. पहिला प्रश्न इस्कंदरचा. तो कुर्द बाईच्या मांडीवर टवटवीत दिसला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. दुसरा प्रश्न मात्र मुल्लाबाजीच्या विद्यार्थिनीला शोभेल असा होता. "ही बाई येईपर्यंत कुणी पाजलं?"

"आईने," मुल्लाबाजी म्हणाली. "चौदा वेळा. मी माळेवर मोजलंय."

तूबाने आईचे दोन्ही हात ओढून घेतले आणि त्यांचे मुके घेतले. "किती जपून केलंस गं," ती म्हणाली. गौहरताज म्हणाली, "झोप आता."

पुढे वाटेत काही झालं नाही. झालं ते गौहरताजच्या मनात. रोज ती ठरवायची, गप्प बसायचं. मुलगी सुखात आहे, पोर जिवंत आहे, एक शब्द गिळला की झालं. मग नमाजाला उभी राहिली की आठवायचं: आता ही नवऱ्याकडे जाईल. तो तिचा नवराच नाही. जी पोरं होतील ती सगळी हरामाची. आणि तिला ते माहीतही नसेल. पाप माझं आणि उद्या आगीत उभी ती. पश्चात्ताप करावा तर त्यालाही अट आहे, आधी चूक सुधारा. चूक सुधारायची तर लेकीचा संसार मोडा. इकडे आड, तिकडे विहीर.

फरामर्झ मिर्झा त्यांना घ्यायला नैशापूरपर्यंत आला होता. मश्हद तिथून चार मुक्काम. गावाबाहेर एका बागेत त्याने मुक्कामाची सोय केली होती. तो मेण्यापाशी आला, पडदा सारला, आधी पोराकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अरेरे. नाक माझंच आहे."

तूबा हसली. आजारानंतर ती पहिल्यांदा हसली. तिचे केस गळाले होते, गालाची हाडं वर आली होती, आणि फरामर्झ तिच्याकडे असा बघत होता की गौहरताजने मान फिरवली. जेवताना तूबाने सगळी हकीकत सांगितली. खातून, पटकी, तटावरची बाई, माळ. सांगता सांगता ती रंगात आली.

"चौदा. एक जास्त झालं असतं तर तुम्ही सुटला असता माझ्या तावडीतून."

"मग तुझ्या आईने घातच केला म्हणायचा," फरामर्झ म्हणाला. "बरी सुटका होणार होती." मग तो गौहरताजकडे वळला, आणि त्याचा चावट चेहरा गंभीर झाला. "आईसाहेब, दुसरी कुणी असती तर मी शपथ घ्यायला लावली असती. तुम्ही आहात म्हणून विचारतसुद्धा नाही. माझा मुलगा तुम्ही मला दिलात."

 त्याने शपथ मागितली असती तर गौहरताजने घेतली असती. तेवढी तयारी तिने वाटेत केली होती. पण त्याने मागितलीच नाही.

संध्याकाळच्या आधी, मोलकरणी तूबासाठी पाणी तापवत होत्या, तिच्या विरळ केसांना मेंदी लावत होत्या. गौहरताजने सगळ्यांना बाहेर घालवलं.

"पंधरा झालं होतं," ती म्हणाली.

तूबाला आधी कळलंच नाही. "काय पंधरा?"

"मी अर्धंच पाजणार होते. माझ्याने ओढवलं नाही. त्याने स्वतः सोडलं."

तूबाच्या केसांतून मेंदी कपाळावर ओघळली. तिने ती पुसली नाही.  ती बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"पाजलंस ते बरोबर केलंस. मीसुद्धा पाजलं असतं. पण मग सांगितलंस कशाला?"

"तू हरामात राहिली असतीस, बाळ."

"मला माहीत नव्हतं. ज्याला माहीत नाही त्याला पाप लागत नाही, हे मुल्लाबाजीने मला आठव्या वर्षी शिकवलंय. पाप तुझं एकटीचं होतं. तुला ते पेलवलं नाही, म्हणून माझ्या पदरात टाकलंस."

गौहरताजने तिच्या कपाळावरची मेंदी पुसायला हात पुढे केला. 

तूबा उठली, चेहरा धुतला, चादर घेतली. नवऱ्यासमोर जाताना कधी चादर न घेणारी ती, तिने आज कपाळापर्यंत ओढून घेतली आणि बागेच्या दुसऱ्या टोकाला, फरामर्झ बसला होता तिथे गेली. तिने त्याला काय सांगितलं ते लांबून ऐकू आलं नाही. तो उभा राहिला, तिच्याकडे दोन पावलं आला, आणि ती दोन पावलं मागे सरली. एवढं दिसलं.

दुसऱ्या दिवशी गावातले वृद्ध काझी आले. पडद्याच्या एका बाजूला ते आणि फरामर्झ, दुसऱ्या बाजूला तिघी. काझी भले होते, त्यांना हा निकाह वाचवायचा होता, हे त्यांच्या प्रश्नांवरून कळत होतं.

"खानम, नीट आठवा. मुलाने मध्ये तोंड काढलं होतं का? दुसऱ्या कुणी मध्ये एकदा तरी पाजलं होतं का? मोजण्यात एखादी चूक? घाबरलेल्या माणसाची चूक होते."

गौहरताजने लेकीकडे पाहिलं. तूबा जमिनीकडे बघत म्हणाली, "खरं तेच सांग. आता खोटं सांगितलंस तरी मी त्यांच्याकडे कुठल्या तोंडाने जाऊ?"

"चूक नाही," गौहरताज म्हणाली. "त्याने स्वतः सोडलं."

पडद्यापलीकडे फरामर्झ रडत होता. काझींनी त्याला रडू दिलं. मग मुलाचा विषय निघाला. काझी म्हणाले, दूध सुटेपर्यंत मुलावर आईचा हक्क आहे, आई पाजत असेल तर. "आईला दूध आहे का?"



"नाही," तूबा म्हणाली. "पंधरा दिवस झाले. थेंब नाही."

मग मुलगा बापाकडे. फरामर्झ चांगला माणूस होता, पण मश्हदला त्याची आई पहिल्या नातवासाठी बोकड कापायला बसली होती, आणि रिकाम्या हातांनी तिच्यापुढे जाण्याची त्याची छाती नव्हती. कुर्द बाई इस्कंदरबरोबर जायला तयार झाली. तूबाने मुलाला अंघोळ घातली, कपडे केले, दृष्ट लागू नये म्हणून टोपीला निळा मणी टाचला, आणि त्याला पडद्याखालून पुढे सरकवलं. फरामर्झने त्याला उचललं. पडद्याच्या त्या बाजूने तो एवढंच म्हणाला, "तूबा, मी त्याला पत्र लिहायला शिकवीन." 

इमामांचा सोन्याचा घुमट चार मुक्कामांवर होता. गौहरताजने तिथे जायचं नाव काढलं नाही. ज्या दुधाचा नवस, त्या दुधाने हे केलं, आता कुठल्या तोंडाने जायचं? मश्दी सफरने खेचरांची तोंडं तेहरानकडे वळवली.

 चार दिवस तूबा मेण्यात आईसमोर बसायची, दिलं तर खायची. पाचव्या दिवशी दुपारी एका ओढ्याकाठी, चिनाराखाली सतरंजी घातली होती. गौहरताजचं दूधही काळजीने आटत चाललं होतं. अफाक ओढत होती, मिळत नव्हतं, आणि ती रडायला लागली, भुकेल्या पोराचं ते ठसक्यांचं रडणं.

तूबाने एकदम छातीवर हात दाबला. हात काढून पाहिला. सदरा भिजला होता.

तिला आधी काही कळेना. मग कळलं. गौहरताजलाही कळलं, आणि मुल्लाबाजीच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. पान्हा फुटला होता. पाच दिवसांचा उशीर झाला होता. काझींनी विचारलं त्या दिवशी एक थेंब असता, तर इस्कंदर आज याच सतरंजीवर असता.

तूबा ओल्या सदऱ्याकडे बघत राहिली. अफाक रडतच होती.

"दे तिला इकडे," ती म्हणाली.

गौहरताजने पोर दिलं. अफाकने हावऱ्यासारखं धरलं आणि गप्प झाली. मुल्लाबाजीचा अंगठा सवयीने माळेवर गेला.

"मुल्लाबाजी, ती माळ ठेवा," तूबा वर न बघता म्हणाली. "आता मोजायला काही राहिलं नाही."

मुल्लाबाजी तोंड फिरवून रडायला लागली. गौहरताजला रडूही आलं नाही. पाजणाऱ्या बाईच्या पाठीला टेकू लागतो, एवढंच तिला सुचलं. तिने मेण्यातून उशी आणली, लेकीच्या पाठीशी नीट लावली आणि बाजूला बसली. तूबा टेकली नाही.